हजेरीत नसलेली चिमणी

६ मार्च

वहिनी,

"एवढ्या समुद्रात पाखरांना आपलं बेट सापडतं तरी कसं?" आईने विचारलंय म्हणून तू पत्राच्या शेवटी लिहिलंस. मला याचं उत्तर येत नाही. सूर्य, तारे, वास, पृथ्वीचं चुंबकत्व असं बरंच काही मी परीक्षेत लिहिलं होतं आणि मार्कही मिळाले होते. पण एखादा सुरय पक्षी उघड्या समुद्रावरून सरळ येतो आणि गेल्या वर्षी अंडं घातलेल्या त्याच कपारीत उतरतो, ते समोर बघताना परीक्षेतलं उत्तर उत्तरासारखं वाटत नाही. आईला सांग, ठाऊक नाही.

आता इथलं. हे वाचून दाखव, पण सावकाश. तुझी एक्सप्रेस गाडी नको.

आपल्या गल्लीच्या तोंडापासून दादाच्या बस डेपोपर्यंत जेवढं अंतर, तेवढंच लांब हे बेट आहे. झाड म्हणावं असं एकच, तेही वाऱ्याने कुबड काढून उभं. दगडी घर, दोन खोल्या, पत्रे दोरखंडाने बांधलेले. पश्चिमेच्या टोकाला आमची टेहळणीची झोपडी. आत एक फळी बसायला, समोर लांबट फट, फटीत तिवईवर दुर्बीण. पहाट झाली की तिथे बसायचं आणि समुद्रावरून जाणारा प्रत्येक पक्षी वहीत टिपायचा. डोळा इतका वेळ काचेला लावलेला असतो की जेवतानाही मी एक डोळा बारीक करते.

माणसं आम्ही तीन. या पक्षी-निरीक्षण केंद्राच्या प्रमुख बाई, पूर्वी भूगोल शिकवायच्या. पुरुषी जाकीट, पांढरी वेणी, आणि शब्द असे देतात जसे रेशनवर मिळतात. दुसरे बँकवाले काका, निवृत्त कॅशियर, दर वसंतात स्वखुशीने येतात. पक्षी मोजतानाही अंगठ्याला थुंकी लावतात. आईला हे सांग, ती हसेल.

संध्याकाळी जेवणं झाली की हजेरी असते. बाई एकेका पक्ष्याचं नाव पुकारतात आणि ज्याला जितके दिसले तितके त्याने सांगायचे. पहिल्या दिवशी बाईंनी नावं संपवली तेव्हा मी म्हटलं, "चिमणी राहिली. स्वयंपाकघराच्या वळचणीला चार आहेत."

बाई म्हणाल्या, "चिमणी हजेरीत नाही. ती कुठे जात नाही, कुठून येत नाही."

इथून पुढचं आईला वाचून दाखवू नकोस. मनात वाच.

कपाटाची किल्ली तू पुन्हा विचारलीस. सापडत नाहीये. सामानात कुठेतरी असेल. माझ्या पुस्तकांच्या कपाटात तुला काय ठेवायचंय ते मला कळत नाही. घरात साड्यांना जागा आहे.

आणि तू लिहिलंस, "आई मला म्हणाल्या, चिमणे, पत्र टाकून ये." तुला ठाऊक नसेल म्हणून सांगते. चिमणी मी होते. लहानपणापासून.

मी


२० मार्च

वहिनी,

दोन दिवस दक्षिणेचा वारा होता आणि बेटावर पाखरांचा पाऊस पडला. रात्रभर समुद्र ओलांडून आलेली ही जमिनीवरची पाखरं. दमून इतकी गळालेली की पायाशी आलं तरी उडत नाहीत. एक हुदहुद पायरीवरच बसला होता, तुरा मिटून, बाहेर ताटकळलेल्या पाहुण्यासारखा. काका म्हणाले, "याला आत घ्या, नाहीतर तक्रार करेल."

आम्ही जाळं लावून काही पाखरं धरतो, पायात बारीक वाळं घालतो आणि सोडतो. मी पहिल्यांदा एकटीने वाळं घातलं. मुठीत काडेपेटीएवढं वजनही नव्हतं, पण काळीज असं धडधडत होतं की माझ्या बोटांना ऐकू आलं. आईला सांग, धडधडीची गोळी चुकवू नकोस.

तुझं पत्र आलं. "ठाऊक नाही हे ऐकून आई खूप हसल्या. म्हणाल्या, पोरगी जन्मात पहिल्यांदा ठाऊक नाही म्हणाली, आजची तारीख भिंतीवर लिही." वाचून मलाही हसू आलं.

मग नाही आलं.

मनात वाच.

आईचं हसू मला तुझ्या अक्षरात वाचावं लागतं. फोनवर ते कळलं नसतं, हे मान्य. इथे फोन लागतो तो एकाच खडकावर उभं राहून, आणि पलीकडे आई, जी फोन कानाला लावला की बोलायचंच विसरते. म्हणून पत्रं. आणि पत्रं म्हणजे तू.

तू सहज लिहून गेलीस की लोकांच्या इस्त्रीच्या कपड्यांच्या गठ्ठ्यांना आता आई दोरे बांधत नाही, कागदाच्या चिठ्ठ्या लावते. तू लिहितेस, ती लावते. मी थंडीत निघाले तेव्हापासून. मी ती ओळ पुन्हा वाचली. डॉक्टरांना पांढरा दोरा, वकिलांना हिरवा, तिसऱ्या मजल्याला लाल, हे मी पाळण्यात शिकले. मोठी झाल्यावर मी तिला हजारदा म्हटलं, आई, चिठ्ठी लाव, मी लिहून देते. तिने काय म्हणावं? "दोरा बरा. भिजला तरी पुसत नाही."

मी कॉलेजात असताना दर रविवारी जाऊन परक्या बायकांना अक्षरं शिकवली. त्यातली एक मला अजून पत्र लिहिते. माझी स्वतःची आई पाटीसमोर एकदा बसली, ती दूध उतू जातंय म्हणून उठली. चुलीवर दूध नव्हतं. आणि तुझ्या चिठ्ठ्या मात्र चालतात! तू असं काय केलंस? खरंच विचारते.

किल्लीबद्दल दादाकरवी निरोप पाठवलास, ते बरं नाही केलंस. तो बिचारा खडकावरच्या फोनवर ओरडत होता, "किल्लीऽऽ!" आणि बाई ऐकत होत्या.

मी


४ एप्रिल

वहिनी,

आईला वाचून दाखवण्यासारखं आज थोडं आहे, ते आधी.

काल सकाळी झोपडीत मी एकटी होते. काका चहा आणायला गेले होते. पाण्याच्या वरून एक पक्षी आला, धुतल्या चादरीसारखा पांढरा, आणि शेपटीतून दोन लांब पिसं निघालेली, दोऱ्यांसारखी. हवेत लहरत होती. चोच लाल. तो झोपडीसमोरून गेला, मी श्वास सोडायच्या आत खडकाआड गेला. असा पक्षी या बेटावर बाईंनी स्वतः कधी पाहिलेला नाही. मी घराकडे धावले. दोघं आली, ऊन डोक्यावर येईपर्यंत बसली. रिकामं पाणी.

संध्याकाळी हजेरीला मी त्याचं नाव घेतलं. बाईंनी विचारलं, "आणखी कुणी पाहिला?"

"नाही."

"मग नाही धरता येणार."

"बाई, मी खोटं बोलते असं वाटतं का तुम्हाला?"

"अगं, खोटं कोण म्हणतंय? एकटीचं आहे म्हणते. इथला नियम आहे. नवा पक्षी दोघांनी पाहिला तरच हजेरीत येतो. मलाही तोच नियम. माझे तीन पक्षी असे बाहेर उभे आहेत."

काका म्हणाले, "आम्ही बँकेत पण दोन सह्यांशिवाय तिजोरी उघडत नव्हतो. विश्वास नव्हता म्हणून नाही. एकट्या माणसाला स्वतःचंच खरं वाटायला लागतं म्हणून."

मी जेवले नाही.

आता मनात वाच. आणि नीट वाच.

तुझ्या पत्रात होतं की आईचे गुडघे दुखतात म्हणून तू रोज तेल लावतेस, आणि तेव्हा ती तुला माझ्या लहानपणच्या गोष्टी सांगते. मी शाळेच्या फाटकाला धरून रडले ती, भिंतीवर कोळशाने बेरजा केल्या ती. माझ्या गोष्टी, माझी आई, आणि ऐकणारी तू. वर मला तिची खुशाली कळवतेस, जणू मीच पाहुणी. आम्ही इथे बघतो. काही पाखरं उशिरा पोचतात आणि त्यांच्या कपारीत दुसरंच कुणी बसलेलं असतं. ती थोडा वेळ घिरट्या घालतात, ओरडतात. आतला पक्षी मान वर करून बघतोसुद्धा नाही.

मी या घरातली पहिली पदवीधर. तो कागद आईने देवाच्या फोटोसारखा पुसून लावला. पण तिच्याजवळ बसायचा मान बारावीत दोनदा नापास होण्याचं कर्तृत्व असणारीला मिळाला. दादाने तुला आणलं, ठीक. आईला तुझ्या ओटीत घालायला मी कुणाला सांगितलं नव्हतं.

किल्ली हरवलेली नाही. दुर्बिणीच्या पट्ट्याला अडकवून माझ्या गळ्यात आहे. मुद्दाम आणली. कपाट उघडायचं नाही.

मी


१८ एप्रिल

वहिनी,

काल बोट आली. पीठ आलं, रॉकेल आलं, काकांचं वर्तमानपत्र आलं. तुझं पत्र नाही. बोटवाल्याला मी दोनदा विचारलं. त्याने थैली उलटी करून झटकून दाखवली.

तू कामात असशील. पत्र पोचलं नसेल असंही होतं. वारा होता.

इथे आता समुद्री पक्ष्यांचे दिवस आहेत. लाटांना पंख घासत जाणारे काळपट पक्षी, बाई त्यांना 'लाटघासे' म्हणतात, दिवसभर उत्तरेला जातायत. ते जमिनीला पाय लावतच नाहीत, वर्षातून एकदा पिल्लांपुरते सोडून. सुरयांनी खडक भरला आहे. झोपडीतून बाहेर पडलं की डोक्यावर चोची मारतात. काका डोक्यावर पातेलं घालून फिरतात.

बाईंनी मला विचारलंय की पिल्लं उडेपर्यंत राहतेस का. पगारी मदतनीस म्हणून. गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी असं कुणाला विचारलेलं नाही, असं काका म्हणाले. मी अजून हो म्हटलेलं नाही. मला घरी यायचंय. का यायचंय ते तुला कळलं असेल.

तुझ्या पत्राची वाट बघत मी धक्क्यावर उभी राहिले ते काकांनी पाहिलं.

"पोस्टाला शिव्या देऊ नकोस," म्हणाले. "काय लिहिलं होतंस?"

"काही नाही."

"मग उत्तरही काही नाही. हिशेब बरोबर आहे."

वहिनी, आईची तब्येत बरी आहे ना? एवढंच कळव. एका ओळीत कळव.

मी


२ मे

वहिनी,

पत्र मिळालं. मी ते झोपडीत नेऊन वाचलं, मग खडकावर, मग पुन्हा झोपडीत. आज सबंध सकाळ समुद्रावरून काय गेलं ते मला माहीत नाही.

तुझीच वाक्यं परत लिहिते, कारण ती लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

"वन्सं, तुमचं पत्र आलं तेव्हा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खाली आले तर आईंनी इस्त्री बंद करून ठेवली होती, चष्मा लावला होता आणि पाकीट फोडलं होतं. एकेका शब्दावर बोट ठेवून वाचत होत्या. त्या शेवटच्या पानावर अडल्या आणि मलाच हाक मारली, 'हे काय लिहिलंय गं? क, मग काय ते?' मी बघितलं. म्हटलं, 'कर्तृत्व.' 'म्हणजे?' 'म्हणजे पराक्रम, आई.' मग त्यांनी मागचा-पुढचा शब्द लावून ओळ वाचली आणि चष्मा काढला. त्या दिवशी वकिलांचे शर्ट तसेच राहिले."

वहिनी, तो अर्थ तुला तुझ्या तोंडाने सांगावा लागला.

पुढे तू लिहिलंस, "तुम्ही विचारलं होतं ना, मी असं काय केलं? मी काही केलं नाही. केलं ते तुम्ही. प्रत्येक पत्रात तुम्ही लिहिता 'मनात वाच'. मी मनात वाचायचे. आई माझ्या तोंडाकडे बघत बसलेल्या असायच्या. एकदा म्हणाल्या, 'तुझं तोंड बंद आहे आणि डोळे चालतायत. काय गाळतेस?' मी म्हटलं, काही नाही. त्या म्हणाल्या, 'माझ्या लेकीच्या पत्रात माझ्यापासून चोरून ठेवण्यासारखं काय आहे?' गठ्ठ्यांच्या चिठ्ठ्यांवरून त्यांना 'वकील', 'डॉक्टर', 'मजला' एवढं येत होतंच. दुसऱ्या दिवसापासून तुमची पत्रं घेऊन बसायला लागल्या. घरात दुसरं वाचायला होतं काय? औषधाच्या बाटल्या आणि तुम्ही. पुस्तकं सगळी कपाटात. तुमची पहिलीची पुस्तकं आईंनी जपून ठेवलीत, मोठ्या अक्षरांची, ती चिठ्ठ्या सुरू झाल्या तेव्हापासूनच हवी होती म्हणून किल्ली मागत होते. कशाला ते सांगायचं नाही अशी मला शपथ होती. त्यांना तुम्हाला स्वतःच्या हाताने पत्र पाठवून चकित करायचं होतं. झालात का चकित?"

झाले.

"मलाही राग आला होता, वन्सं. म्हणून पत्र लिहिलं नाही. नापास मी झाले होते, दोनदा, गणितात. त्याचं मला काही नाही, पण माझ्यामागे असं लिहिलं असतं तर चाललं असतं. तुम्ही मलाच लिहून पाठवलंत आणि वर नीट वाच म्हणालात. राग गेला तो आईंच्या एका बोलण्याने. मी त्यांना विचारलं, लेक एवढं शिकवत होती तेव्हा का नाही बसलात? म्हणाल्या, 'ती मला वाचून दाखवायला शेजारी बसायची. तेवढाच वेळ बसायची. मला वाचता आलं असतं तर उठून गेली असती. तिच्या पुस्तकांचा मला कसला राग यायचा सांगू? सवत असल्यासारखा.' मग मला हसू आलं. म्हटलं, ही तर घरातली चालच दिसते."

आणि शेवटी आईच्या हातचं. ओळी उतरणीला लागलेल्या, अक्षरं अंगठ्याएवढी.

"मी वाचलं. सगळं वाचलं. ती पण चिमणी. तू पण चिमणी. वळचणीला चार आहेत तूच लिहिलंस."

ते वाचून मी रडले. बाई आत आल्या, माझ्याकडे बघितलं, दुर्बिणीला डोळा लावून बसल्या. काचेवरून डोळा न काढता म्हणाल्या, "घरी कुणी गेलं?"

मी म्हटलं, "नाही. आईला वाचता यायला लागलं."

त्या म्हणाल्या, "मग रडतेस कशाला?"

मी त्यांना सगळं सांगितलं. एवढं बोलताना त्यांनी मला पहिल्यांदा ऐकलं असेल. माझी आई मी लहानपणापासून बघत आले. तिचा दोरा, तिचं चुलीवर नसलेलं दूध, सगळं मला पाठ. पण पुस्तकांकडे बघताना तिच्या डोळ्यांत काय असायचं, ते मी एकदाही पाहिलं नव्हतं. ते तू आलीस आणि तेल लावता लावता पाहिलंस. इतकी वर्षं माझी आई मी एकटीनेच पाहिलेली होती, वहिनी, त्या लाल चोचीच्या पक्ष्यासारखी. मी शपथेवर सांगितलं असतं की मला ती पूर्ण दिसते.

बाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "एवढं शिकलेली, आणि पहिलीची पुस्तकं कुलपात घालून आलीस." एवढंच. मला झोंबलं. झोंबावं असंच होतं.

मी लगेच चांगली झाले असं खोटं मला लिहायचं नाही. आताही, तू तिच्याशेजारी बसून 'क' गिरवून घेतेस हे डोळ्यांसमोर आलं की माझी मोजणी चुकते. तिचं पहिलं अक्षर मी बघायला हवं होतं. ते तू बघितलंस आणि ते परत येणार नाही. याचा हेवा मला बहुधा म्हातारी होईपर्यंत वाटेल. पण जे मी लिहिलं ते हेव्यापेक्षाही हीन होतं, आणि ते तुला आईच्या बोटाखाली वाचावं लागलं. त्याबद्दल मला माफ कर. दादाला हे दाखवायचं असेल तर दाखव. या पत्रात मनात वाचायचं काही नाही.

तुझी नणंद


६ मे

आई,

हे पत्र तुला आहे. मोठं लिहिते. जोड अक्षरं कमी लिहिते. अडलं तर वहिनीला विचार. ती सांगेल.

काल बोट आली होती. मी बाईंना हो म्हटलं. पिल्लं उडेपर्यंत मी इथे राहणार. पगार आहे. जेवण बरं आहे. काका पातेलं घालून फिरतात.

काल हजेरीत मी म्हटलं, चिमणी, चार. बाई म्हणाल्या, हजेरीत नाही. काका म्हणाले, मी पण बघितल्या, चार. दोघांनी बघितलं. बाईंनी वही उघडली. मग म्हणाल्या, बरं, चार.

तू विचारलं होतंस, पाखरांना बेट कसं सापडतं. अजून ठाऊक नाही. तू वाचून मला सांग. माझ्या कपाटात वरून दुसऱ्या खणात एक निळं पुस्तक आहे. त्यात आहे. पण आधी खालच्या खणातली घे. तुझी मोठी अक्षरं तिथे आहेत.

कपाटात अर्धी जागा कर. वहिनीला काय हवं ते ठेवू दे. साड्या पण चालतील.

किल्ली मी पट्ट्यातून सोडवून पाकिटात घातली. पाकीट बोटवाल्याच्या हातात दिलं. त्याने ते खिशात घातलं, वरून बटण लावलं. बोट सुटली. मी धक्क्यावर उभी होते. बोट दिसेनाशी झाली तेव्हा मी झोपडीत आले आणि दुर्बिणीला डोळा लावला.

किल्ली या पत्राच्या आधी पोचेल. पाकिटावर वहिनीचं नाव आहे.

चिमणी